जरीचे जोडे आणि वाळूचा दांडा

फार पूर्वी, समुद्राला अजून नकाशांची सवय झाली नव्हती तेव्हा, एका खाडीच्या काठी तांडेलांची पाठशाळा होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, सुकाणू धरणारा. राजाच्या होड्या चालवणारी माणसे याच पाठशाळेत तयार होत.

शिकवण्याची रीत साधी होती. सकाळी ओहोटी लागली की सगळी मुलेमुली पाण्यात उतरत आणि हातातल्या काठीने तळ चाचपत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा होता. तो दर पावसाळ्यात जागा बदलायचा. ज्याच्या काठीला वाळू लागे, तो बाकीच्यांना हाक मारून सांगे. संध्याकाळी सगळे सारखेच ओले आणि सारखेच भुकेले घरी जात. होड्या सुखरूप काठाला लागत. होडी काठाला लागली म्हणून कुणी कुणाचे कौतुक करत नाही, त्यामुळे पाठशाळेचेही कुणी करत नसे.

एके वर्षी राजधानीतून नवा कारभारी आला. त्याने विद्यार्थी पाहिले आणि तो चिंतेत पडला. सगळे सारखेच ओले! यातला हुशार कोण हे राजाला कळणार कसे? त्याने लेखी परीक्षा घेतली, पहिले दहा निवडले आणि त्यांचा ‘मानाचा वर्ग’ काढला. त्यांना टेकडीवर वेगळे घर मिळाले, भातावर तूप मिळाले, झोपायला गादी मिळाली. आणि राजाच्या नावाने प्रत्येकाला जरीचे जोडे मिळाले.

वर्गासाठी तेरा कलमांची नियमावली झाली. सातवे कलम असे, की जोडे भिजता कामा नयेत. आठवे असे, की जोडे चारचौघांत काढता कामा नयेत, कारण तो राजाचा अपमान होईल. ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर मानाच्या वर्गाला पाण्यात उतरता येणार नाही, हे कुणाच्याही लक्षात आले असते. पण नियमावली वाचण्यासाठी नसते, लावण्यासाठी असते.

पाठशाळेचे गुरुजी स्वतः जुने तांडेल. त्यांनी थोडी कुरकुर केली. मग त्यांनाही एक जोड मिळाला आणि कुरकुर थांबली. ते टेकडीवर राहायला गेले. खाली उरलेल्यांना ‘साधा वर्ग’ असे नाव पडले. त्यांना शिकवायला कुणी नव्हते, म्हणून ते आपले रोज सकाळी काठ्या घेऊन पाण्यात जात.

मानाच्या वर्गात पहिल्या नंबरावर एक मुलगी होती. जाळी विणणाऱ्याची पोर. बापाने तिचे जोडे बघायला सगळी आळी बोलावली होती. टेकडीवरच्या पडवीत खाडीचा नकाशा टांगलेला असे, रंगवलेल्या कापडाचा. तो तिने तीन वर्षांत असा पाठ केला, की डोळे मिटून म्हणून दाखवी: डावीकडे काळा खडक, उजवीकडे माडांचे बेट, मधोमध दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतके खोल पाणी, सरळ जावे. परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण पडत.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि पडवीतून तिला एक गोष्ट दिसली. साध्या वर्गाच्या होड्या मधून जातच नव्हत्या. बेटाला घासून जात आणि मग एकदम वळत. तिने गुरुजींना विचारले. साधी पोरे वाकडीच जायची, असे गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तूपभाताकडे लक्ष दिले.

मग ती पायऱ्या उतरून, जोडे भिजणार नाहीत इतक्या अंतरावर उभी राहिली. खाली साध्या वर्गातली शेवटच्या नंबराची मुलगी होडीतले पाणी उपसत होती. लेखी परीक्षेत दोनदा नापास झालेली. एकेकाळी दोघी एकाच काठीने तळ चाचपायच्या.

“काय गं जोडेवाली, वाट चुकलीस?” खालची म्हणाली.

“तुम्ही मधून का जात नाही?”

“दांडा सरकलाय. मधे गुडघाभर पाणी आहे. परवा रिकामी होडी टेकली, तर ओहोटीनं आडवी केली. तुझ्या कापडावर नाही का ते?”

“कापड तीन वर्षांपूर्वीचं आहे.”

“मग त्याला म्हणावं, एकदा खाली ये.”

पहिल्या नंबराच्या मुलीने कारभाऱ्याकडे रीतसर अर्ज केला. उत्तरही रीतसर आले: ‘नकाशास दरबारची मंजुरी आहे. दांडा सरकल्याची नोंद दप्तरी नाही. सबब, दांडा आहे तेथेच आहे.’

पुढच्याच आठवड्यात राजा पाहणीला आला. पहिल्या नंबराने राजहोडी खाडीच्या तोंडातून बाहेर न्यायची आणि वळवून परत आणायची, असे ठरले होते. होडी सुखरूप आली की ती जन्मभराची राजतांडेल. टाळ्या वाजवायला हव्यात म्हणून होडीत गावातली चाळीस माणसे आधीच बसवली होती, बायकामुलांसकट. मुहूर्त नेमका ओहोटीचा निघाला. ज्योतिष्याने समुद्राला विचारले नव्हते.

धक्क्यावर ती मुलगी आली आणि होडीपाशी थांबली.

“महाराज, मी ही होडी नेणार नाही,” ती म्हणाली. “मला खाडी पाठ आहे. माहीत नाही.”

राजाने विचारले, मग माहीत कुणाला आहे? तिने गर्दीच्या मागे बोट दाखवले. तिकडे शेवटच्या नंबराची मुलगी उभी होती.

कारभारी हसला. ती दोनदा नापास आहे, असे त्याने राजाला सांगितले.

“दोनदा तुम्ही तिला कापडावरचं विचारलंत,” मुलगी म्हणाली.

कारभाऱ्याचे हसू गेले. त्याने तिला बजावले, की आत्ताच्या आत्ता सुकाणू धरले नाही, तर तिचे नाव यादीतून जाईल आणि ते पद दुसऱ्या नंबराला मिळेल. दुसऱ्या नंबराचा मुलगा लगेच पुढे झालाही. नकाशा त्यालाही पाठ होता. तिने बाजूला व्हायचे, एवढेच बाकी होते. तिच्यावर कुणी ठपका ठेवला नसता.

तिने खाली बसून दोन्ही जोडे काढले आणि धक्क्यावर व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवले.

“आठवे कलम!” कारभारी ओरडला.

“आता सातवंही बघा,” ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

नकाशातल्या दोन पुरुष खोल जागेकडेच ती निघाली. पाणी कमरेला आले, मग छातीला, मग हनुवटीला. तीन वर्षांत ती पोहलेली नव्हती. धक्क्यावर तिचा बाप पुढे धावला, त्याला दोघांनी धरले. शेवटच्या नंबराच्या मुलीने नुसते ओरडून सांगितले, “जरा उजवीकडे धर.” ती उजवीकडे वळली. मग तिचे खांदे वर आले. मग कंबर. खाडीच्या अगदी मधोमध, जिथून राजहोडी जायची होती तिथे, ती सगळ्या दरबारासमोर गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

होडीतल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसे एकेक करून धक्क्यावर उतरू लागली.

राजाने त्यांना थांबवले आणि शेवटच्या नंबराला सुकाणू दिले. तिने होडी बेटाला घासून, वाकडीतिकडी नेली आणि तशीच परत आणली. एकाचाही पाय भिजला नाही.

कारभारी हुशार होता. संध्याकाळपर्यंत त्याने नवी योजना लिहून राजापुढे ठेवली: ‘ओल्या पायांचा मानाचा वर्ग’. जागा दहा, जोडे रुपेरी, पहिला मान या दोघींना.

“आम्ही वर गेलो, तर सकाळी दांडा कोण बघणार?” शेवटच्या नंबराच्या मुलीने विचारले.

त्यासाठी एक माणूस नेमू, असे कारभारी म्हणाला.

“मग जोडे त्यालाच द्या,” पहिल्या नंबराची मुलगी म्हणाली. “आणि यादीतून माझं नाव कापायचं म्हणत होतात, ते आजच कापा. विसराल.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती काठी घेऊन पाण्यात हजर होती. चार दिवसांनी मानाच्या वर्गातले तिघे आले, मग आणखी पाच. शेवटी गुरुजी आले, धोतर खोचून, कुणाकडे न बघता. दुसऱ्या नंबराचा मुलगा तेवढा वरच राहिला. तो अजून मुहूर्ताची वाट बघत असेल.

कारभाऱ्याची पुढे राजधानीत बढती झाली. त्याने अहवालात लिहिले होते, की अशी धाडसी विद्यार्थिनी मानाच्या वर्गामुळेच घडली.

तात्पर्य इतकेच: हुशार पोरांचा मान जरूर करावा, पण त्यासाठी त्यांना पाण्याबाहेर काढू नये. आणि कुणी काढलेच, तर पोरांनी परवानगीची वाट न बघता पाण्यात उतरावे.