विरजणाची वाटी

एकदा एका उजाड माळावरच्या गावात, सातासमुद्रापलीकडून एक तरुण मुलगी शिकवायला आली. नाव हाना. वर्षभर विनावेतन शिकवण्याचा संकल्प करून ती आली होती. गावच्या वृद्ध गुरुजींनी तिला आपल्या घरामागची खोली दिली. तिथे राहून ती मराठी शिकली, चुलीवर भात करायला शिकली, आणि मुलांची हानाताई झाली.

तिचा एक नियम होता. गावातून काही घ्यायचे नाही. कुणी शेंगा आणल्या, कुणी भाकरी आणली, तरी ती हात जोडून म्हणे, "तुमच्या मुलांना द्या. मी द्यायला आले आहे, घ्यायला नाही." लोक मान डोलवत. बाई मोठ्या मनाची, असे तोंडावर म्हणत.

द्वारकाबाईंची रखमा वर्गात सर्वांत हुशार होती. हानाने भाकरी मोडून अपूर्णांक शिकवले, तेव्हा ते सर्वांआधी तिलाच उमगले. एके सकाळी तिच्या आईने तिच्याबरोबर तांब्याभर ताक पाठवले. हानाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्या तसाच परत पाठवला. पुन्हा एकदा ताक आले, पुन्हा परत गेले. नंतर आले नाही. हानाला बरे वाटले. त्या घरात ताकाचा घोट कुणाच्या तरी वाट्याचा असणार, हे तिला दिसत होते, आणि जे दिसत होते ते खोटेही नव्हते.

गुरुजींचे मात्र एक कोडे होते. त्यांच्या गोठ्यात गाय, शिंक्यावर दह्याचे मडके. तरीही दिवेलागणीच्या आधी ते रिकामी वाटी घेऊन निघत, कधी या दारी, कधी त्या दारी. "विरजण आहे का गं थोडं?" एकदा हाना हसून म्हणाली, "गुरुजी, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ही म्हण तिला मुलांनीच शिकवली होती. गुरुजीही हसले. "सांगेन कधीतरी," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

दिवाळी सरली. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघण्याचे दिवस आले. एका संध्याकाळी, गुरुजी वाटी घेऊन बाहेर पडलेले असताना, द्वारकाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. हानाने विचारले, "काही हवं होतं का?"

"न्हाई जी. सहज आले व्हते." त्यांनी पदर सारखा केला. "रखमा बरं शिकतीया ना?"

"खूप छान शिकते."

द्वारकाबाईंनी एकदा हानाच्या खोलीकडे पाहिले. मग "येते" म्हणून वळल्या. हानाने हात जोडले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी रखमाची जागा रिकामी होती. शाळा सुटल्यावर हाना धावतच घरी आली. गुरुजी ओसरीवर बसले होते.

"गेली," ते म्हणाले. "आईबापांबरोबर गेली, उसाच्या फडावर."

"पण तिची शाळा? तिला इथे ठेवायचं होतं! माझ्याजवळ राहिली असती!"

"त्यासाठीच द्वारका काल आली होती. मला आज गाडीपाशी कळलं. मी म्हटलं, अगं, मग विचारलं का नाहीस? तर म्हणाली, 'गुरुजी, ज्या बाईनं आमच्या घरचं ताक घेतलं न्हाई, तिच्या पदरात लेक कोणत्या तोंडानं टाकू?' मी म्हटलं, उतरव पोरीला. तोवर गाडी हलली होती."

गुरुजींनी बाजूला ठेवलेली वाटी हातात घेतली.

"पोरी, दही माझ्याकडे असतंच. पण उद्या कुणाला माझ्या दारी काही मागायला यावंसं वाटलं, तर त्यांना संकोच वाटू नये, म्हणून आज मी त्यांच्या दारी मागून येतो. ज्याला आपलं काहीच लागत नाही, त्याला लोक नमस्कार करतात. अडीअडचणीला त्याचं दार ठोठावत नाहीत. ती तुला नुसतं ताक देत नव्हती. तुझ्या दारी येण्याची वाट करत होती." त्यांचा आवाज उतरला. "मी तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. वाटलं, रोज बघतेस, आपोआप समजेल. म्हातारपणी माणसाला स्वतःचं मौन फार शहाणं वाटतं."

टोळ्या होळीनंतर परततात. हानाची मुदत त्याआधीच संपणार होती. तिने मनातल्या मनात महिने मोजले, आणि तिला रडू कोसळले. गुरुजींनी तिला रडू दिले.

ऊन उतरल्यावर तिने त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि एकटीच निघाली. द्वारकाबाईंच्या घराला कुलूप होते. शेजारच्या दारात सुभद्राबाई धान्य पाखडत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांचीही टोळी निघायची होती, त्यांचीही लेक हानाच्या वर्गात होती.

"मावशी," हाना अडखळत म्हणाली, "विरजण आहे का थोडं?"

सुभद्राबाई आधी बघतच राहिल्या. मग सूप खाली ठेवून लगबगीने आत गेल्या. "आवो, बसा की ताई! हुभ्या का?" हाना बसली. त्यांनी वाटीत विरजण घातले, वर गुळाचा खडाही दिला, आणि तिने तो त्यांच्यासमोरच खाल्ला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग सुभद्राबाईंनी आवाज खाली आणला. "ताई, एक इचारू का?"

सकाळी दही छान लागले होते. हानाने ताक घुसळले, तांब्या भरला, आणि तो सुभद्राबाईंकडे नेताना तिची नजर शेजारच्या त्या कुलूप लावलेल्या दाराकडे गेली.

दारी आलेला तांब्या परत पाठवताना, त्याच्यामागून काय यायचे होते तेही आपण परत पाठवत असतो.