बाराचं जेवण

"…मग हा भात शिजवायचा तरी कुणासाठी, बाबा?"

डोमाजीबाबा तीन आठवड्यांनी मठात परतले होते. त्यांचे पाय धुऊन व्हायच्या आधीच टेकचंदने त्यांना गाठलं.

टेकचंद त्यांचा शिष्य. मठाची चूल आणि देवाचा नैवेद्य त्याच्याकडे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळेतलं जेवणही थांबतं. म्हणून सुट्टीभर गावातल्या पोरांना मठात जेवू घाल, असं बाबा जाताना त्याला सांगून गेले होते.

"पहिल्या दिवशी एकतीस पोरं आली. आठवड्याने बारा. काल दोन. उरलेला भात गुरांपुढे टाकला. बंद करावं म्हणतो."

"मीठ बरोबर पडतं ना रे?"

"मीठ? वरणावर तुपाची धार सोडतो मी! यांना किंमतच नाही."

"वाढतोस कधी?"

टेकचंद ताठ झाला.

"बाराच्या ठोक्याला. आधी देवाला नैवेद्य, मग पंगत. अकरा वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं नाही."

बाबा पंच्याने पाय पुसत राहिले…

"बंद कर," ते म्हणाले. "पण परवा. उद्या पहाटे पोरांबरोबर तेंदूची पानं तोडायला जा. ती जातात तसाच जा. उपाशी."

टेकचंद गेला.

जंगलात तो चौथीतल्या सेवंताच्या मागे मागे राहिला. तिची आई पुढच्या झुडपांत वाकलेली होती. तेंदूची झुडपं गुडघ्याएवढी. दोन तासांत टेकचंदची कंबर धरली.

"हे जून पान आहे जी," सेवंताने त्याच्या हातातलं पान काढून फेकलं. "फळीवर कोनी घेनार नाई. तुमाले भात तेवढा शिजवता येते."

बाकीची पोरं खिदळली. विडीसाठी ही पानं विकत घेतात ती जागा म्हणजे फळी, ती गावाबाहेर होती. तिथे सगळं कसून बघून घेत.

साडेनऊला सगळे डोक्यावर गाठोडी घेऊन परतले. टेकचंदच्या पोटात आग पडली होती.

"आता घरी काय खाशील गं?"

"आता? चूल कोन पेटवेल? माय त माझ्यासंगंच आहे. पानी पेतो अन् पुडे बांधाले बसतो. सत्तर पानांचा एक."

"मग बाराला मठात का येत नाहीस?"

सेवंताने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या माणसाला हेही कळू नये.

"पानं तोडनं सुरू नोहतं तवा येत होतो. आता हातातले पुडे टाकून कशी येऊ जी? पानं सुकली का मोडतात."

मठात येताच टेकचंद चुलीकडे वळला. बाबा दारातच बसले होते.

"काही आहे का, बाबा? घासभर?"

"बाराला."

"पण मी पहाटेपासून…"

"नैवेद्य व्हायचाय."

टेकचंद तांब्याभर पाणी प्यायला. शिजवायला बसला. अकराला डोकं ठणकायला लागलं. बाराला त्याने नैवेद्य दाखवला, आणि बाबांनी स्वतःच्या हाताने त्याला वाढलं. भात, वरण, वर तूप.

टेकचंदने एक घास घेतला. दुसरा बोटांत धरून बसला.

"का रे?"

"…भूक मेली, बाबा."



संध्याकाळी टेकचंद देवासमोर बराच वेळ उभा राहिला. ओठ हलत होते. काय बोलला ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चूल पेटली. नऊला नैवेद्य झाला. जंगलातली पायवाट जिथे गावात शिरते, तिथल्या मोहाच्या झाडाखाली टेकचंदने भाताचं पातेलं आणून ठेवलं आणि तो वाटेकडे डोळे लावून बसला.

पोरं आली. थबकली. आधी पातेल्याकडे पाहिलं, मग टेकचंदकडे.

"आज देव लवकर जेवला का जी?" सेवंता म्हणाली.

"हो. गाठोडी सावलीत ठेवा, नाहीतर पानं सुकतील. बसा पटकन."

त्रेचाळीस पोरं बसली. त्यांच्या आयाही वाटेतच थांबल्या, तेव्हा टेकचंदने त्यांनाही जेवायला पळसाची पानं दिली. वरण कमी पडलं. कुणी कुरकुरलं नाही. सेवंताने तिसऱ्यांदा भात मागितला आणि टेकचंदने तो असा वाढला, की तिची आई हसली, "पोट फोडता का पोरीचं!"

पंगत उठली. बाबा मोहाच्या मुळाशी टेकून बसले होते. टेकचंद घाम पुसत त्यांच्याजवळ आला.

"बाबा, तुम्हाला परवाच ठाऊक होतं. साडेनऊला वाढ, एवढं म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं का? जंगलात कशाला धाडलंत?"

"ऐकलं असतंस."

"मग?"

बाबांनी रिकाम्या पातेल्यात डोकावून पाहिलं…

"मी सांगितलं असतं, तर आज पोरांच्या पानातही तू मलाच वाढलं असतंस."