सगळ्यात शेवटी साहेब

आयर्लंड देशातल्या एका गावात एक भोळा कार्यकर्ता होता. गोष्ट तिथली आहे, कारण आपल्याकडे असले पक्ष नाहीत, असले पुढारी नाहीत, आणि आपण मतदार तर मुळीच असले नाही. म्हणून गोष्ट इतक्या लांबून आणावी लागली.

त्याचं नाव फिंटन. गडी अंगानं दांडगा, मनानं लोणी. जे सांगाल ते करायचा, आणि जसं सांगाल तसंच करायचा. त्याला ब्रीडामावशीनं लहानाचा मोठा केला होता. ती "दुधावर लक्ष ठेव" म्हणाली, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा लक्ष ठेवून बसायचा.

मावशीचे गुडघे दुखायचे आणि गावात डॉक्टर नव्हता. "तुमच्या गावात दवाखाना काढतो," असं उज्ज्वल उद्या पक्षाचे कौन्सिलर कॉरमॅक टूमी साहेब दर निवडणुकीला सांगायचे. एकदा फिंटननं त्यांना चर्चच्या दारातच गाठलं.

"साहेब, दवाखान्याचं काय झालं?"

"अरे, दवाखाना वाटेवर आहे!" साहेब म्हणाले आणि मोटारीत बसले.

फिंटन धावत घरी गेला. त्यानं मावशीला खुर्चीसकट उचललं आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. हातात छत्री दिली.

"काय रे हे?"

"दवाखाना येतोय, मावशी."

"कुठल्या बाजूनं?"

"ते विचारायचं राहिलं. म्हणून मी दोन्हीकडं बघतोय."

मेंढ्या गेल्या. दुधाची गाडी गेली. पाऊस आला, गेला, परत आला. शेवटी साहेबांचीच मोटार आली. साहेबांनी काच खाली केली, सगळी हकीगत ऐकली, आणि त्यांचे डोळे भरून आले. आपल्या बोलण्यावर इतका विश्वास ठेवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता.

"तू पक्षात ये," साहेब म्हणाले. "पण नुसतं बसून चालत नाही. लोकांच्या घरी जायचं. हात हातात घ्यायचा, मान खाली घालायची आणि म्हणायचं, 'तुमच्या दुःखात पक्ष सहभागी आहे.'"

फिंटनच्या कोटाला पक्षाचा बिल्ला लागला. मावशी म्हणाली, "बिल्ला राहू दे. आधी मला घरात ने."

दुसऱ्या दिवशी गावात एका म्हाताऱ्याची मयत होती. फिंटन गेला, हात हातात घेतला, मान खाली घातली, शिकवलेलं बोलला. म्हाताऱ्याच्या सुनेनं डोळे पुसून त्याला चहा दिला, वर केकही दिला. फिंटनला वाटलं, राजकारण म्हणजे काहीच अवघड नाही.

त्याच आठवड्यात मल्डूनच्या पोरीचं लग्न लागलं. फिंटन नवरदेवापाशी गेला. त्याचा हात हातात घेतला, मान खाली घातली आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात पक्ष सहभागी आहे."

नवरदेवाचा चेहरा पडला. नवरीच्या बापानं फिंटनला कॉलर धरून बाहेर काढलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मंडळी जमलीत, धावपळ चाललीय, तिथं असं बोलतात का? तिथं हसायचं आणि म्हणायचं, 'वा! ही तर सुरुवात आहे. असंच वरचेवर होत राहो!'"

"चूक माझीच, साहेब," फिंटन म्हणाला. "माझं डोकं म्हणजे बूड नसलेली बादली. आता ध्यानात ठेवतो."

पुढं वादळ झालं आणि हेगार्टीच्या घराचं छप्पर उडून शेजारच्या तळ्यात पडलं. मंडळी जमली. धावपळ चालली. फिंटन गर्दीतून वाट काढत पुढं गेला. हेगार्टी भिजलेल्या पलंगावर बसून आभाळाकडं बघत होता. फिंटननं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वा! ही तर सुरुवात आहे. असंच वरचेवर होत राहो!"

हेगार्टीनं पलंगाचा पाय उपसला. फिंटन पळाला म्हणून वाचला.

गावकऱ्यांनी मिळून तळ्यातलं छप्पर ओढून काढलं आणि परत घरावर बसवलं. ते बघून साहेब म्हणाले, "फिंटन, तू कामाची वेळ घालवलीस. छप्पर बसल्यावर जायला हवं होतं. गावात नवीन काही दिसलं, की दुसऱ्या कुणी बोलायच्या आत मोठ्यानं सांगायचं, 'हे आमच्या साहेबांनी केलं!' तेही दहाजणांच्या कानावर जाईल असं."

"चूक माझीच, साहेब. आता नवीन काही दिसू द्या, सोडत नाही."

फिंटन नवीन काही शोधत गावभर फिरला. गावात नवीन काही होतंच कुठं? रस्त्यातले खड्डेसुद्धा त्याच्या लहानपणापासूनचे. हिंडता हिंडता तो स्कलीच्या घराशी आला. आत बायकांची गर्दी. मधोमध पाळणा, आणि पाळण्यात काल जन्मलेलं बाळ. नवीकोरी वस्तू!

फिंटन उंबऱ्यात उभा राहिला, छाती फुगवली आणि दहाजणींच्या कानावर जाईल असं ओरडला, "हे आमच्या साहेबांनी केलं!"

स्कलीच्या हातातला कप खाली पडला. त्याची आई चष्मा लावून बाळाचं नाक बघू लागली. मग खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरवरचं साहेबांचं नाक बघू लागली.

बातमी फिंटनच्या आधी साहेबांच्या घरी पोचली. साहेबांच्या बायकोनं त्यांचं अंथरूण कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं. पुढं पाद्रीबाबा मध्ये पडले, स्कलीच्या बायकोनं सासूला चांगलं खडसावलं, बाळाचं नाक हुबेहूब आजोबांचं निघालं आणि प्रकरण मिटलं. पण साहेबांच्या कोटाला कोंबड्यांची पिसं चिकटली ती चिकटलीच.

आणि मतदान तर तोंडावर आलं होतं.

"आणखी एक चूक केलीस," साहेब म्हणाले, "तर बिल्ला काढून घेईन."

फिंटननं बिल्ला मुठीत घट्ट धरला. "साहेब, मी मंद आहे हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही फक्त सोपं सांगा."

साहेबांनी विचार केला. श्रेय घेऊन खुराडं मिळालं होतं. आता नम्रपणाच बरा. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रत्येक दारी जा आणि एवढंच सांग. 'साहेब स्वतःसाठी काही मागत नाहीत. आधी गाव, मग शेजारी, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी साहेब.' यातला एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही."

फिंटननं शब्द इकडचा तिकडं केला नाही.

आता तिथली मतदानाची तऱ्हा निराळी. कागदावर सगळ्या उमेदवारांची नावं असतात. सर्वांत आवडत्यापुढं एकचा आकडा लिहायचा, त्याहून कमी आवडत्यापुढं दोनचा, असं खाली खाली जायचं.

हेगार्टीच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "सगळ्यात शेवटी साहेब? म्हणजे मत द्यायचं कसं?"

फिंटन घोटाळला. इतकं कुणी शिकवलं नव्हतं. मग तो म्हणाला, "साहेब बोलले तसंच. बाकीच्यांना आधीचे नंबर, साहेबांना शेवटचा."

"असं ते स्वतः म्हणाले?"

"माझ्यासमोर. छातीवर हात ठेवून."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. "बघा! आणि आम्ही उगाच त्यांना नावं ठेवत होतो. सांग त्यांना, त्यांची इच्छा मोडणार नाही."

फिंटन मूर्ख होता, पण खोटं बोलत नव्हता, हे गावाला माहीत होतं. शिवाय पक्षानं इतकी सोपी गोष्ट गावाकडं कधी मागितलीच नव्हती. स्कलीनं तर त्याला पाणी न विचारता एकदम बिअरच दिली. फिंटन खुशीत आला. एकही दार त्यानं वगळलं नाही. साहेबांच्या बायकोलाही सांगून आला. ती म्हणाली, "माझं आधीच ठरलंय."

मतमोजणीला सगळा गाव लोटला. साहेब नवा कोट घालून पुढच्या रांगेत बसले होते. अधिकाऱ्यानं निकाल वाचायला घेतला. एकेक नाव येत गेलं. अर्ज भरून बोस्टनला निघून गेलेल्या माणसाचंही नाव आलं. सगळ्यांच्या खाली टूमी साहेब. पहिल्या पसंतीचं मत एक. ते त्यांचं स्वतःचं.

साहेब पांढरे पडले. मागून फिंटन आनंदानं उडी मारून आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम सांगितल्याबरहुकूम झालं होतं. त्यानं साहेबांना उचलून खांद्यावर बसवलं आणि गर्दीत मिरवायला सुरुवात केली. गावानं मनापासून टाळ्या वाजवल्या. पक्षानं सांगितलेलं प्रत्यक्षात उतरलेलं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"गाढवा!" साहेब वरून किंचाळले. "मला खाली आण! आधी खाली आण!"

"आता आणखी खाली कसं आणू, साहेब?" फिंटन म्हणाला. "तुमच्या खाली नावच नाही."