नावेतला पेटारा

नदीवर पूल नव्हता, त्या काळी एका गावात एक नावाडी राहायचा. नाव लहानशी, आठ माणसांची. बाकी सगळा पसारा काठावरच्या खोपीत, त्याच्या आत्याच्या ताब्यात. कुठली वस्तू माळ्यावर कुठं पडलीय, ते म्हातारी डोळे मिटून सांगायची.

गाय चढवायची असली की नावाडी हाक मारी, "आत्या, फळी दे." ऊन चढलं की, "आत्या, छत दे." ती कंबरेवर हात ठेवून हळूहळू आणून देई आणि काम झालं की परत माळ्यावर टाकी. तेवढ्यात उतारू काठावर टेकत, सुपारी कातरत, कुणाची लेक कुठं दिली ते विचारत. गोड दिवस होते ते.

पण नावाड्याला उशीर सोसेना. त्यानं नावेतच कप्प्याकप्प्यांचा मोठा पेटारा केला आणि तळाला खिळ्यांनी ठोकला. फळीला कप्पा, छताला कप्पा, कंदिलाला कप्पा. मासे धरायच्या जाळ्यालाही एक, घरात जाळं नसताना.

"रिकामा कप्पा कशाला रे?" आत्यानं विचारलं.

"कधीतरी जाळं घेईन. जागा राखलेली बरी. आणि तूही आता नावेतच बस, हातातल्या हातात देत जा."

"मग माणसं कुठं बसवतोस? माझ्या मांडीवर?"

नावाड्यानं हसत तिला हात धरून नावेत बसवलं. काम झटपट होऊ लागलं. आठांच्या जागी चारच उतारू मावत, पण तो खेपा वाढवून भागवी. काठावर मात्र आता कुणी टेकेना.

उन्हाळ्यात नदीच्या मधल्या वाळूत एक कलिंगडवाला वाडी करून राही. तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि दोन पोरं. एका दुपारी वरच्या डोंगरात अवकाळी बरसला नि पाणी चढू लागलं. नावाडी आत्यासकट तसाच निघाला. पोचला तेव्हा वाळूवर गुडघाभर पाणी, कलिंगडं तरंगत चाललेली.

माणसं पाच, जागा चार. नावाड्यानं फळी फेकली, छत फेकलं, कंदील फेकला. पेटारा रिकामा झाला, तरी जागा तेवढीच अडवून बसला. हातानं खिळे निघेनात.

"खुळ्या, तो हलायचा नाही. मीच हलते," असं म्हणत आत्या उतरली आणि वाडीच्या मांडवाची मेढ धरून उभी राहिली. "बघतोस काय? मार वल्हं."

पाचांना काठावर सोडून तो परतला, तेव्हा पाणी आत्याच्या गळ्याला लागलं होतं. त्यानं तिला आत ओढून घेतलं.

"पेटारा नसता तर एका खेपेत सगळे आलो असतो गं," तो रडत म्हणाला.

"होय," आत्या म्हणाली.

काठाला लागताच तो ओल्या धोतरानिशीच पहार घेऊन बसला. एकेक खिळा उपटला. तळाला भोकं पडली, ती आत्यानं राळेनं बुजवली. तीन दिवस नाव पाण्यात गेली नाही. लोक थांबले, कुणी कुरकुरलं नाही.

तात्पर्य: नाव असो की हल्लीच्या पोरांचा संगणक, त्याच्या गाभ्यात, म्हणजे सदा कामात असलेल्या मूळ भागात, तेवढंच ठेवावं ज्याच्यावाचून क्षणभरही चालत नाही. बाकीचं बाहेर असावं, हाकेच्या अंतरावर. थोडा उशीर सोसता येतो, पण गाभ्यात अडलेली जागा ऐन वेळी मोकळी होत नाही.