काठोकाठ भरलेला तांब्या

राजेसाहेबांना प्रवासासाठी जहाजावरची सगळ्यांत उंच खोली हवी होती. जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल धाकू याने मात्र जहाजाच्या मध्यावरची, तळाजवळची सुचवली.

"खलाशी माझ्या डोक्यावर नाचणार? नोकरी घालवीन तुझी!" राजेसाहेब कडाडले.

धाकूने दोन्ही खोल्यांत काठोकाठ भरलेला एकेक तांब्या ठेवला आणि जहाज खाडीबाहेर फिरवून आणलं. वरचा तांब्या लोळत होता, गादी चिंब झाली होती. खालच्यातून जेमतेम चार थेंब सांडले होते. एवढ्या खवळलेल्या समुद्रातून फिरून आल्यावरही ते निवांत पाणी बघून राजेसाहेब थक्क झाले. तरी मोठेपणा आडवा आलाच.

"पण राजाने खाली राहायचं?"

धाकूने हात जोडले. "सरकार, देव खाली गाभाऱ्यातच असतो. वर कळसावर कावळे बसतात."

राजेसाहेबांनी जोडे काढले आणि वाकून खालच्या खोलीत पाऊल टाकलं.