गोवराची लस आणि तांब्याभर पाणी

“बाई, ही माणसे ऐकत का नाहीत?”

असे डॉ. शिरीष तायडे यांनी मला विचारले आणि मी त्यांना रतनगीर महाराजांच्या मठात नेले. या प्रसंगात माझा वाटा एवढाच. शिरीष माझा विद्यार्थी. वर्गात पहिला, आणि ते कधीही न विसरणारा.

शेजारच्या वाडीत गोवराने एक मूल दगावले होते. तरीही आमच्या गावातील एकाही आईने लस टोचू दिली नव्हती.

“महाराज, तक्ते दाखवले, आकडे सांगितले. अडाण्यांपुढे आणखी काय करावे?”

ओसरीवर बसलेल्या कौसाबाईला महाराजांनी खूण केली. नातीला कडेवर घेऊन ती उठली आणि तिने शिरीषपुढे गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवला.

“तहान नाही,” शिरीष म्हणाला. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता.

“पाणी नको?” महाराजांनी विचारले.

“तसे नव्हे. कुठले पाणी, कोणी भरले, काय ठाऊक…”

कौसाबाई फिस्सकन हसली. “अगं माय! तुमच्या बाटलीबद्दल आमीबी हेच म्हनतो की, डाक्टर!”

शिरीषने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

“आजी,” तो हळूच म्हणाला, “पाणी कुठले?”

“हिरीचं. गाळून, उकळून ठिवलंय. तुमच्याच नर्सबाईनं शिकिवलं.”

त्याने तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

“आता मी इचारते,” कौसाबाई म्हणाली. “टोचल्यावर पोरगी तापंल का?”

“एखादे मूल आठवड्याने तापते. त्या दिवसांत मी इथे मुक्कामाला येईन.”

“मंग आदी हिलाच टोचा.”

नातीने आकाशपाताळ एक केले. तिच्याहून मोठ्या आवाजात कौसाबाई आळीआळीतून हाका मारत निघाली. सायंकाळपर्यंत लशीवाचून एकही मूल उरले नाही. यापुढे लसीकरण मठाच्या ओसरीवरच व्हावे, असे ठरले. सर्व आयांनी मान्यता दिली. सर्वांत शेवटी सरपंचांनीही दिली.

निघताना शिरीषने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“उद्या वडाळीला जायचे आहे, महाराज. तिथल्या लोकांना काय सांगू?”

महाराजांनी तांब्या पालथा घातला.

“तहान लागली, म्हणून सांग.”