ठकूमाळची पहिली मूठ

आपल्या पणजीच्या पणजीलाही आठवणार नाही, इतकी जुनी गोष्ट. तेव्हा या माळाला नाव नव्हतं. खाली काळ्या रानात गाव होतं आणि गावात ठकू होती. पेरणीच्या पाभरीवर बी सोडायचं चाडं असतं, त्यावर ठकूनं मूठ धरली की दाणा कसा सारख्या अंतरानं पडायचा, असं म्हणतात. रायाजी पाटीलसुद्धा पेरणीला तिलाच बोलवायचा.

मग ठकूचा नवरा साप चावून गेला. पुढच्या मिरगाला ती चाड्याला हात लावणार, तोच पाटील ओरडला, "रांडमुंडीची मूठ आमच्या बियाला नको!" गाव खाली मान घालून उभं राहिलं. त्याला काय जातंय? दिरानं तर तिच्या वाट्याचं रानही बळकावलं आणि हा खडकाळ माळ दाखवला.

ठकू पदरात शेरभर बाजरी घेऊन वर आली. बैल नव्हते, पाभर नव्हती. तिनं पहार उचलली आणि एकेक दाणा टोकला. तिच्या रागानं पहार पडेल तिथं खडकाचा भुगा होत गेला, असं म्हणतात. खाली पाटलाचं बी मातीतच कुजलं. वर घोडेस्वार बुडेल एवढी बाजरी आली.

दुसऱ्या मिरगाला तोच पाटील रिकामी पोती घेऊन माळ चढला. ठकू म्हणाली, "बी देते. पण हरेक पाभरीवर पयली मूठ माझी. न्हाईतर खडे पेरा."

पाटलानं मुकाट मान डोलावली. ठकूनं सात दिवस गाव पेरलं. शेवटच्या तासाला, म्हणजे पाभरीच्या शेवटच्या ओळीला, लोकांनी मागं पाहिलं, तर चाड्यात बी पडतच होतं आणि ठकू नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासून हा ठकूमाळ. आजही इथं पहिली मूठ विधवेचीच असते. खण-नारळ देतात, पाया पडतात. आणि लग्न निघालं की त्याच बाईला हळदीच्या मांडवात शिरू देत नाहीत. लाज कशी वाटत नाही?

यंदा मूठ माझी आहे. महिन्यापूर्वी सख्ख्या पुतणीच्या हळदीला मला गोठ्यात बसवलं होतं. आता धाकटा दीर हात जोडून म्हणतोय, "वैनी, सोडा मूठ. आभाळ भरलंय."

भरू दे. म्हणून तर गोष्ट सांगत बसले. भावजी, जावेला बोलवा. हळदीची वाटी घेऊन येऊ दे आणि या सगळ्यांच्या देखत माझ्या कपाळाला लावू दे. मग उघडते मूठ.